मारला गेला डेटाबेस, मेमरी खाल्ली ताळ्याने

नागपूरच्या कळमना बाजारातील नऊ अडत्यांच्या पेढ्यांचा हिशोब ठेवणारी प्रणाली मी सीताबर्डीवरच्या माझ्या लहानशा कार्यालयातून सांभाळतो. संत्र्याची गाडी उतरून लिलाव झाला, की हमाली, तोलाई आणि गाडीभाडे वजा होऊन शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याला मिळायच्या रकमेची हिशोब-चिठ्ठी, निघते. आणि रात्री दोन वाजता पायथॉनमध्ये लिहिलेला एक प्रोग्राम वर्षभराच्या नोंदी पुन्हा जुळवून प्रत्येक पेढीचा ताळा तयार करून ठेवतो. गेल्या डिसेंबरात, आंबिया बहाराची आवक जोरात असताना, सकाळी साडेसहाला एका मुनीमजींचा फोन आला. "भाऊ, ताळा आलाच नाही. शेतकरी समोर बसून राहिले, काय सांगू त्यांना?"

सर्व्हर तर व्यवस्थित चालू होता. प्रोग्रामच्या नोंदवहीत शेवटची ओळ होती ती डेटाबेसशी असलेला संपर्क तुटल्याची, आणि डेटाबेसच्या नोंदवहीत रात्री दोन वाजून सात मिनिटांनी तो अचानक बंद पडून स्वतःहून पुन्हा सुरू झाल्याचे दिसत होते. 'डीमेसेज' ही आज्ञा देऊन लिनक्स या कार्यप्रणालीच्या कर्नेलचे, म्हणजे तिच्या गाभ्याचे, संदेश पाहिले, तेव्हा 'आउट ऑफ मेमरी : किल्ड प्रोसेस' ही ओळ आणि तिच्यापुढे मायएसक्यूएलचे, म्हणजे आमच्या डेटाबेसचे, नाव सापडले. मी तेवढी एक ओळ वाचली आणि डेटाबेसच दोषी आहे असे ठरवून टाकले. पुढचे तीन महिने मी ज्या चुका केल्या, त्या सगळ्या या एका निष्कर्षातून निघाल्या.

या ओळीचा अर्थ नीट समजून घ्यायचा, तर कार्यप्रणाली मेमरी कशी वाटते ते आधी पाहावे लागते. एखादा प्रोग्राम मेमरी मागतो तेव्हा लिनक्स त्याला खरी रॅम लगेच देत नाही, केवळ तिचे आश्वासन देते; त्या जागेत प्रोग्राम प्रत्यक्ष काही लिहू लागला, की मगच ४ किलोबाइटच्या एकेका पानाने खरी मेमरी त्याच्या पदरात पडते. लग्नघरी हजार पत्रिका वाटल्या तरी पंगतीला एका वेळी दोनशेच पाने मांडतात, कारण सगळे पाहुणे एकदम जेवायला बसत नाहीत हे यजमानाला माहीत असते. कर्नेलचा हिशोबही त्याच अनुभवावर उभा आहे, आणि बहुतेक दिवस तो बरोबर ठरतो. ज्या रात्री सगळेच एकदम पानावर येऊन बसतात, त्या रात्री दिलेले आश्वासन पाळणे कर्नेलला अशक्य होते, आणि संपूर्ण यंत्र गोठण्यापेक्षा एखादी प्रक्रिया, म्हणजे चालू असलेला एखादा प्रोग्राम, मारून तिची मेमरी मोकळी करणे तो पत्करतो. ही निवड करताना दोष कोणाचा हे तो पाहत नाही. रॅम आणि स्वॅप (रॅम अपुरी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) मिळून सर्वांत जास्त मेमरी कोणाकडे आहे यावरून प्रत्येक प्रक्रियेला गुण दिले जातात, त्यात आपण लावून दिलेली उणे १००० ते अधिक १००० यांमधील दुरुस्ती मिळवली जाते, आणि ज्याचे गुण सर्वाधिक तो मारला जातो. म्हणजे ती ओळ मेमरी कोणी संपवली हे सांगत नाही. मेमरी संपली त्या क्षणी सर्वांत मोठा कोण होता, एवढेच ती सांगते.

हे मला तेव्हा उमगले नव्हते. चार गिगाबाइटच्या त्या यंत्रात डेटाबेसच्या बफर पूलला, म्हणजे नोंदी हाताशी ठेवण्याच्या त्याच्या मेमरीतील साठ्याला, मी दोन गिगाबाइट दिले होते, ते एकावर आणले. ताळा मिळू लागला, पण दिवसा पट्टी काढायला इतका वेळ लागू लागला की पेढ्यांवरून तक्रारी सुरू झाल्या. मग दोन गिगाबाइटची स्वॅप फाइल जोडून बफर पूल पूर्ववत केला. त्या रात्री कोणी मारले गेले नाही, मात्र ताळा सकाळी नऊपर्यंत रखडला, कारण यंत्राचा बहुतेक वेळ पाने डिस्कवर टाकण्यात आणि परत आणण्यात गेला. या अवस्थेला थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग यांनी १९६८ सालीच तिची कारणे मांडून ठेवली आहेत. अचानक वाढलेला थोडा भार झेलायला स्वॅप उपयोगी पडतो, पण रोजच्या कामालाच रॅम अपुरी असेल तर त्याने दुखणे फक्त लांबते. शेवटी जानेवारीत रॅम आठ गिगाबाइट केली, बफर पूल चारवर नेला आणि प्रश्न मिटला असे समजलो. मार्चअखेरच्या ताळ्यात तीन वर्षांच्या नोंदी एकत्र येतात. त्या रात्री डेटाबेस पुन्हा मारला गेला.

या वेळी मात्र मी शेवटच्या ओळीच्या वर काय छापले आहे तेही वाचले. तेथे त्या क्षणी चालू असलेल्या सर्व प्रक्रियांची यादी असते आणि प्रत्येकीने किती मेमरी धरून ठेवली आहे याचा आकडा असतो. डिसेंबरचा जतन केलेला संदेश उघडला, तर ताळ्याच्या प्रोग्रामसमोर सुमारे ३,३०,००० हा आकडा होता. हे किलोबाइट असावेत, म्हणजे जेमतेम ३३० मेगाबाइट, असा माझा समज होता. परंतु त्याच यादीत डेटाबेससमोर सुमारे ५,६०,००० लिहिले होते, आणि खालच्या ओळीत त्याच डेटाबेसची मेमरी २२ लाख किलोबाइटांहून अधिक दाखवली होती. यादीतील आकडे पानांचे असतात, त्यांना चाराने गुणावे लागते. म्हणजे ताळ्याच्या प्रोग्रामने सव्वा गिगाबाइटहून अधिक मेमरी धरली होती. पुरावा डिसेंबरपासून माझ्यासमोर होता, याचे मला आजही वाईट वाटते. कारण त्या तीन महिन्यांत ज्यांचा ताळा वेळेवर निघाला नाही, ते शेतकरी रात्रभर प्रवास करून आलेले होते.

खात्री करण्यासाठी दर दहा सेकंदांनी प्रत्येक प्रक्रियेची मेमरी नोंदवणारी लहानशी स्क्रिप्ट लावली. डेटाबेसची रेषा संपूर्ण रात्र सपाट राहिली, तर ताळ्याची रेषा दोन वाजल्यापासून चढतच गेली. येथे एक सावधगिरी सांगतो. 'फ्री' या आज्ञेच्या उत्तरात 'फ्री'च्या रकान्यातील आकडा लहान दिसला म्हणून घाबरू नये, कारण लिनक्स रिकामी रॅम फाइलींच्या कॅशसाठी वापरते आणि गरज पडताच परत देते. पाहायचा तो 'अव्हेलेबल'चा रकाना.

आता प्रश्न उरला तो प्रोग्राममधील नेमक्या जागेचा. पायथॉनच्या ३.४ आवृत्तीपासून मिळणाऱ्या 'ट्रेसमॅलॉक' या साधनाने कोणत्या ओळीने किती मेमरी घेतली हे कळते, आणि त्याने डेटाबेसमधून सगळ्या नोंदी आणणाऱ्या ओळीवर बोट ठेवले. नोंदी होत्या १६ लाख. तक्त्यात चार बाइट घेणारी पूर्णांक संख्या पायथॉनमध्ये २८ बाइट घेते आणि तिच्याकडे निर्देश करायला आणखी आठ. रुपये-पैशांसाठीची दशांश संख्या तर शंभर बाइटांहून जास्त. एकेक नोंद अशी सुमारे ८०० बाइटांची झाली. डिस्कवर आटोपशीर दिसणारा तक्ता मेमरीत एवढा का फुगतो, याचे उत्तर येथे मिळाले.

मग मी सगळ्या नोंदी एकदम न मागता एकेक नोंद मागणारे लूप लिहिले, आणि आलेख तसूभरही बदलला नाही. दोन दिवस मी यात अडकलो होतो. पायथॉनला मायएसक्यूएलशी जोडणाऱ्या पायएमवायएसक्यूएल या लायब्ररीचा नेहमीचा कर्सर, म्हणजे नोंदी आणून देणारा भाग, विचारणा करताच संपूर्ण उत्तर आपल्या बाजूला आणून ठेवतो. आपण एकेक नोंद मागतो ती त्या आधीच भरलेल्या साठ्यातून. नोंदी खरोखर एकेक करून आणायच्या, तर त्यातला एसएसकर्सर वापरावा लागतो, आणि सर्व नोंदी वाचून होईपर्यंत त्या जोडणीवर दुसरी विचारणा करता येत नाही, म्हणून शेतकऱ्यांची नावे आणण्यासाठी वेगळी जोडणी उघडावी लागली. त्याहून मोठा फरक पडला तो बेरजा डेटाबेसकडूनच करून घेतल्याने. पेढीनिहाय एकूण रक्कम हवी असताना १६ लाख नोंदी ओढून आणण्याचे काही कारणच नव्हते. आता हा प्रोग्राम ९० मेगाबाइटच्या वर जात नाही.

मेमरी संपल्याची प्रत्येक तक्रार मात्र अशी नसते. जावाचा प्रोग्राम स्वतःच 'आउट ऑफ मेमरी एरर' देतो तेव्हा यंत्रात रॅम शिल्लकही असू शकते; त्याची स्वतःची मर्यादा भरलेली असते, जी आपण ठरवून दिली नाही तर साधारणपणे यंत्राच्या मेमरीच्या एक चतुर्थांश धरली जाते. संकेतस्थळांसाठी वापरल्या जाणाऱ्या पीएचपी या भाषेतील प्रोग्रामची मूळ मर्यादा १२८ मेगाबाइट आहे. एका पेढीवर विंडोजवरचा जुना ३२ बिटांचा प्रोग्राम १६ गिगाबाइटच्या नव्या संगणकावरही मेमरी नसल्याचे सांगत असे, कारण अशा प्रोग्रामला सामान्यतः दोनच गिगाबाइट मेमरीचे पत्ते वापरता येतात. तेथे रॅम वाढवून काहीही साधणार नव्हते, ६४ बिटांची आवृत्ती बसवावी लागली. कंटेनर (प्रोग्राम चालवण्याचा वेगळा बंदिस्त कप्पा) १३७ हा क्रमांक देऊन थांबला, तर १२८ अधिक ९ असा तो वाचावा : ९ हा सक्तीने मारण्याचा संकेत आहे, आणि बहुतेक वेळा त्यामागे मेमरीची मर्यादा असते.

सर्व्हरवर शेवटी दोन गोष्टी केल्या. लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीमध्ये डेटाबेसची गुणदुरुस्ती उणे ६०० ठेवली, आणि ताळ्याच्या प्रोग्रामला एक गिगाबाइटची कमाल मर्यादा घातली, म्हणजे उद्या माझ्या हातून पुन्हा तशीच चूक झाली तर ताळ्याचाच प्रोग्राम थांबेल आणि पट्टी काढणारा डेटाबेस चालू राहील. मुद्दाम जुना प्रोग्राम लावून तपासून पाहिले. दोन वाजून चार मिनिटांनी तो मारला गेला, आणि या वेळी कर्नेलच्या ओळीत नाव बरोबर होते.