भुसावळ ते पाल्पा : डोंगरातली नळयोजना

नेपाळातल्या पाल्पा जिल्ह्यात झऱ्याचं पाणी नळाने गावात आणायच्या कामाला जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गटांसाठी हे लिहितोय. भुसावळला कुशीनगर एक्सप्रेस धरायची, गोरखपूरला उतरून बसने सोनौली गाठायची आणि सीमा पायीच ओलांडायची. आपल्याला व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवंच. आधार कार्डावर विसंबू नका. नोटा शंभराच्या घ्या, तिकडे १०० चे १६० नेपाळी रुपये होतात. बुटवल सोडलं की चढ लागतो आणि पाल्पा जिल्ह्याचे डोंगर सुरू होतात. धडगाव-तोरणमाळकडे हिंडलेल्याला हा देखावा ओळखीचा: घरं उतारावर विखुरलेली, झरा कुठेतरी आडबाजूला.

आम्ही मे महिन्यात जातो, आणि विद्यार्थ्यांच्या गटांनी तेव्हाच जावं. दिवाळीच्या सुट्टीत झरा भरात असतो. त्यावर हिशोब मांडला की वैशाखात नळ कोरडे. झऱ्याचं सगळं पाणी मातीचा बांध घालून एका पाइपातून काढायचं आणि २० लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते चार-पाच वेळा बघायचं. ८० सेकंद लागले तर सेकंदाला पाव लिटर, दिवसाला २१,६०० लिटर. नेपाळात अशा योजनेला माणशी ४५ लिटर धरतात, म्हणजे २०० माणसांना ९,००० लिटर. पाणी पुरतं, पण झरा रात्रभर वाहतो आणि नळावर झुंबड सकाळी, म्हणून टाकी बांधावीच लागते.

झऱ्याच्या तोंडाशी हावरेपणा नको. विहिरीसारखं पाणी साठवून त्याची पातळी वर चढवायला गेलात तर उलटा दाब बसून झरा दुसरीकडून वाट काढतो. जादा पाण्याचा पाइप झऱ्याच्या मूळ तोंडापेक्षा खालीच ठेवा. वरच्या अंगाला चर खणा, नाहीतर पहिल्याच पावसात गढूळ पाणी आत.

उंचीसाठी मोबाईलचा जीपीएस चालत नाही. दहा मीटरचा फरक सहज पडतो आणि दहा मीटर म्हणजे एक किलो दाब. ॲबनी लेव्हल (उताराचा कोन मोजायचं हातातलं साधन) न्या, नसेल तर गवंड्याची पारदर्शक पाणनळी. सहा किलोचा, म्हणजे तेवढा दाब सोसणारा पाइप उंचीतल्या ६० मीटर फरकापर्यंतच. ८५ मीटरवर तोच टाकला तर दिवसा काही होत नाही, रात्री सगळे नळ बंद झाले की पूर्ण दाब चढतो आणि तेव्हा फुटतो. मध्ये दाबतोड टाकी (उघडी टाकी, जिच्यात पडून पाण्याचा दाब मोडतो) द्या किंवा खालच्या टप्प्यात दहा किलोचा पाइप घ्या.

जळगावकडच्या पोरांचा हात ठिबक आणि पीव्हीसीवर बसलेला. इथला पाइप एचडीपीई या लवचिक प्लास्टिकचा, आणि त्याला पीव्हीसीचं सोल्युशन चिकटत नाही. टोकं काटकोनात कापून पुसायची, २१०-२२० अंश सेल्सिअसला तापवलेल्या धातूच्या पट्टीवर (तापपट्टीवर) दोन्ही टेकवायची, कडेला सारखी वळी उठली की पट्टी काढून लगेच जोडायची आणि हलू न देता आपोआप गार होऊ द्यायची. पाणी ओतून गार केलेला सांधा ठिसूळ होतो. वारा असेल तर ताडपत्रीचा आडोसा करा. चर ९० सेंटिमीटर खोल, आणि पाइप नागमोडी टाकून सकाळीच बुजवायचा: भर उन्हात लांबलेला पाइप रात्री आखडतो आणि सांधा ओढून काढतो. खडक लागला तर तेवढा तुकडा जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपाचा.

पाणी सोडलं आणि खाली आलंच नाही, तर झऱ्याला दोष देऊ नका. मधल्या उंचवट्यावर हवा अडकलेली असते. तिथे एअर व्हॉल्व्ह आणि खोलगट जागी गाळ काढायचा व्हॉल्व्ह हवाच.

पुढचं काम गावाच्या उपभोक्ता समितीचं, म्हणजे पाणी वापरणाऱ्यांच्या समितीचं. धुळ्याकडे पांझरा नदीच्या फडावर (सामाईक पाण्याच्या शेतीवर) पाणी सोडणारा पाटकरी असतो, तसा इथे वर्गणीतून पगार घेणारा देखभालवाला. सांधा जोडायला त्यालाच शिकवा, तेही आपण तिथे असतानाच, आणि तापपट्टी, वॉशर, दोन-चार नळ त्याच्याकडेच सोडून या. पट्टी परत आणली तर पहिल्या फुटीला पाइप सायकलच्या ट्यूबने बांधला जातो.