तुम्ही विचारलंत म्हणून: रोबोट होता, मग गळा कसा चिघळला?

अन्ननलिकेच्या कर्करोगाची माझी शस्त्रक्रिया रोबोटिक पद्धतीने झाली हे कळल्यापासून, नागपूरच्या सीताबर्डी बाजारात असो की लग्नाच्या पंगतीत, मला एकच प्रश्न विचारला जातो: "एवढे जास्तीचे पैसे भरून रोबोट घेतलात, मग गळा कसा चिघळला?" विचारणाऱ्यांना माझा आजार, माझा खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) आणि तो सोडायला मी लावलेला उशीर हे सारे ठाऊकच असल्याने त्याची उजळणी करत नाही.

रोबोट स्वतःहून काहीच करत नाही. शल्यचिकित्सक रुग्णापासून थोड्या अंतरावर कन्सोलपाशी, म्हणजे यंत्र चालवण्याच्या मेजापाशी, बसतात आणि त्रिमितीय चित्रात पाहत बोटांच्या हालचालींनी यंत्राचे हात चालवतात. छातीत शिरणारी अवजारे जेमतेम ८ मिलिमीटर जाडीची असतात, मनगटासारखी वळतात आणि माणसाच्या हाताचा कंप त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. हृदय, श्वासनलिका आणि महाधमनी यांच्या दाटीतून अन्ननलिका व तिच्याभोवतीच्या लसिका गाठी सोडवून काढायच्या असतात. त्या अडचणीच्या जागी हे वळणे कामाला येते, आणि फासळ्या फाकवाव्या लागत नाहीत. आज मी हे शहाण्यासारखे सांगतो खरे, पण ऑपरेशनच्या आधी "यंत्र आहे, चुकायचा प्रश्नच नाही" असे नातेवाइकांना छातीठोकपणे सांगणारा मीच होतो.

आता गळ्याविषयी. पाचव्या दिवशी सकाळी मानेच्या डाव्या बाजूची पट्टी ओली दिसली, तेव्हा आतला सांधा गळतो आहे का हे कळावे म्हणून डॉक्टरांनी मिथिलीन ब्लू हा निळा रंग मिसळलेले पाणी पाजून पाहायला सांगितले. सिस्टरांनी स्टीलच्या वाटीतून चमच्याने तीन घोट दिले. पाच दिवस घशाला पाण्याचा थेंब लागला नव्हता, त्यामुळे त्या निळ्या पाण्यानेही मला इतके बरे वाटले की मी चौथा चमचा मागितला. तो मिळाला नाही. सिस्टर वाटी हातात धरून माझ्या मानेकडे पाहत राहिल्या. स्वतःची मान स्वतःला दिसत नाही, म्हणून मी पायथ्याशी उभ्या असलेल्या पत्नीकडे पाहिले. तिने पदर तोंडाला लावला होता. पांढऱ्या गॉजवर आधी रुपयाएवढा आणि मग वाटीच्या बुडाएवढा निळा डाग पसरला, हे तिने मला बऱ्याच दिवसांनी सांगितले. पुढचे १९ दिवस आतड्यात बसवलेल्या नळीतून पातळ आहार मिळत होता, गिळलेली थुंकी मानेतून बाहेर येत होती आणि दिवसातून चार वेळा ड्रेसिंग बदलावे लागत होते. नंतर ती वाट आपोआप भरून आली.

हे का झाले? अन्ननलिका काढल्यावर जठराचीच अरुंद नळी करून ती वर ओढतात आणि गळ्यात उरलेल्या टोकाला जोडतात. ओढलेल्या जठराच्या वरच्या टोकाला रक्तपुरवठा कमी पडतो, म्हणून तो सांधा नाजूक राहतो. माझ्या बाबतीत तर तो मानेवर छेद घेऊन हातानेच शिवलेला होता. म्हणजे गळती जिथे झाली, तिथे रोबोट पोहोचलाच नव्हता. यात हाताचाही दोष होता असे मी म्हणत नाही.

मग पैसे वाया गेले का? मुलाने मला नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथील, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास वाचून दाखवला. त्यातील ११२ रुग्णांपैकी ज्यांची छाती उघडली त्यांच्यात शस्त्रक्रियेशी संबंधित गुंतागुंत ८० टक्के, तर रोबोटिक गटात ५९ टक्के आढळली. सांधा गळण्याच्या प्रमाणात मात्र लक्षणीय फरक नव्हता, आणि पुढे पाच वर्षांनी पाहिले तेव्हा जगलेल्यांचे प्रमाणही दोन्हीकडे जवळपास सारखेच निघाले. शिवाय ही तुलना छाती उघडण्याशी होती. रोबोटशिवाय, नुसत्या दुर्बिणीने हेच ऑपरेशन झाले असते का, हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारायला हवा होता. मला कोणी फसवले नाही. मीच विचारले नाही, कारण उत्तर ऐकण्याची माझी तयारी नव्हती.

पत्नीचे मत वेगळे आहे. दुसऱ्याच दिवशी मी धरून का होईना चार पावले चाललो आणि उशी छातीशी धरून खोकू शकलो, याचे श्रेय ती अजूनही रोबोटला देते. दुर्बिणीनेही छिद्रेच पडली असती, असे मी म्हणतो. "अहो, पण आदल्या रात्री तुम्ही हे म्हणाला असतात का?" असे ती विचारते. नसतो म्हणालो.