फेरफाराच्या अपिलाने दाव्याची मुदत थांबत नाही

तलाठी कार्यालयात फेरफारावर, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाच्या नोंदीवर, हरकतीचा अर्ज दिला, म्हणजे दिवाणी दावा दाखल झाला असं होत नाही. जमिनीचे दावे चालवताना मला पक्षकारांना हे वारंवार सांगावं लागतं आणि बहुतेकदा सांगायची वेळ येते तेव्हा उशीर झालेला असतो.

गेल्या महिन्यात साठीच्या एक बाई आल्या होत्या. प्लास्टिकच्या पिशवीत कागदांची चळत. फेरफाराच्या नकला, मंडळ अधिकाऱ्याचा निकाल, प्रांतांकडचं अपील, त्यावरचं पुढचं अपील, आणि प्रत्येक अर्जाची शिक्का मारलेली पोच. सगळं तारखेवार लावलेलं. भावाने २०१३ साली हक्कसोडपत्र नोंदवून घेतलं, त्यावरून बाईंचं नाव सातबाऱ्यावरून कमी झालं.

मी विचारलं, "सही तुमचीच का, ताई?"

"सही माझीच. बदल्यात गावातल्या घरात हिस्सा देतो म्हणाला. पुढच्याच वर्षी तोंडावर सांगितलं, कसला हिस्सा नि कसलं काय."

माझं पुढचं सगळं काम या दोन वाक्यांनी ठरलं. सही बनावट असती तर तो दस्त मुळातच पोकळ आहे असं म्हणून वेगळी मांडणी करता आली असती. पण सही खरी आणि फसवून घेतलेली असेल, तर दस्त रद्द करून मागावा लागतो. १९६३ च्या मुदत कायद्यात त्याला ३ वर्षं आहेत आणि ती फसवणूक कळल्यापासून मोजतात. बाईंना ती २०१४ मध्येच कळली होती.

"पण मॅडम, आमचं अपील चालूच होतं की!" त्या म्हणाल्या. चालू होतं, पण फेरफाराचं. फेरफार ही महसुलासाठीची नोंद आहे, तिने मालकी मिळत नाही आणि जातही नाही. मालकीचा निवाडा दिवाणी न्यायालयच करतं. चुकीच्या न्यायालयात प्रामाणिकपणे घालवलेला वेळ वजा करण्याची सोय याच मुदत कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे, पण फेरफाराचा निर्णय देण्याचा अधिकार महसूल अधिकाऱ्याला असतोच. मग तिथे गेलेली वर्षं दिवाणी दाव्यात वजा होतील, या भरवशावर कुणी राहू नये. अपील करायचं तर जरूर करा, त्याची मुदत तर त्याहून कमी, तहसीलदाराच्या आदेशाविरुद्ध ६० दिवस. पण दावा त्यासोबतच घाला.

"उशीरमाफीचा अर्ज देऊ" हेही कायम ऐकते. अपिलाला आणि अर्जाला ती माफी मिळते, मूळ दाव्याला नाही. कलम ५ दाव्यांना लागूच होत नाही. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही, तरी मुदतबाह्य दावा न्यायाधीशाला फेटाळावाच लागतो.

साठेखताचं, म्हणजे पुढे खरेदीखत करून देण्याच्या कराराचं, प्रकरण तर मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं. लोक बहुतेक रक्कम देऊन मोकळे होतात आणि "खरेदी करून देतो, पळून का जातोय" या शब्दावर थांबतात. साठेखतात खरेदीखताची तारीख ठरलेली असेल, तर करारपूर्तीच्या दाव्याची ३ वर्षं त्या तारखेपासून सुरू होतात, मग विकणारा नकार देवो न देवो. तारीखच नसेल तर नकार कळल्यापासून. तारीख पुढे ढकलायची असेल तर दोघांच्या सह्यांनी लेखी ढकला.

दुसऱ्याच्या ताब्यामुळे जमीन जाण्याच्या १२ वर्षांच्या मुदतीबद्दल मात्र उलटीच भीती असते. "भाऊ वीस वर्षं कसतोय, आता जमीन त्याचीच झाली ना?" नाही. सहहिस्सेदाराचा ताबा सगळ्यांच्या वतीने धरला जातो. त्याने तुमचा हक्क उघडपणे नाकारला आणि तुम्हाला ते कळलं, तिथून १२ वर्षं मोजायची. खंडाने किंवा परवानगीने बसलेल्याचंही तसंच, नुसत्या वर्षांनी तो मालक होत नाही. परक्याने मात्र उघड, सलग, तुमच्या हक्काविरुद्ध ताबा ठेवला आणि तुम्ही १२ वर्षं काहीच केलं नाही, तर कलम २७ प्रमाणे तुमचा जमिनीवरचा हक्कच संपतो. उसन्या पैशांची मुदत गेली तर दाद मागता येत नाही, पण देणं देणंच राहतं. जमिनीत हक्कच उरत नाही, म्हणून मला हे कलम सगळ्यात कठोर वाटतं.

आणि कुणी रातोरात कुंपण घालून हुसकावलं असेल, तर ६ महिन्यांच्या आत या. तेवढ्यात दावा घातला तर मालकी सिद्ध न करताही ताबा परत मागता येतो. फक्त सरकारविरुद्ध हा मार्ग नाही.

त्या बाईंच्या पिशवीतल्या शेवटच्या निकालात शेवटची ओळ होती, "अर्जदाराने दिवाणी न्यायालयात दाद मागावी." महसुली निकालांत ही ओळ मी कितीदा वाचली असेल. ती कायद्याने बरोबरच आहे, पण इतक्या वर्षांनी सांगून काय उपयोग? माझं म्हणणं आहे की फेरफाराची पहिली नोटीस निघते तिच्यावरच ती ठळक छापावी: मालकीचा वाद असेल तर दिवाणी दावा लावा, त्याला मुदत असते, आणि या अपिलाने ती थांबत नाही.