तुम्ही विचारलंत म्हणून: तयार भागांचं किट मिळत असताना फाउंटन पेन लेथवर कशाला?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना लेथ म्हणजे तुकडा फिरवून कापायचं यंत्र, चक आणि कोलेट म्हणजे तो धरणारे जबडे, हे सगळं ठाऊक असतं, म्हणून तिथून सुरुवात करत नाही. किट हलक्या दर्जाचं असतं असंही माझं म्हणणं नाही. दरवेळी तेच गृहीत धरलं जातं, म्हणून आधीच सांगून टाकतो. चांगल्या किटचे आटे कारखान्यात पडलेले असतात आणि हाताने पाडलेल्या आट्यांपेक्षा ते सरसही असू शकतात. अडचण वेगळीच आहे. किटमध्ये पितळी नळी येते. प्लास्टिकच्या रॉडच्या तुकड्याला भोक पाडून ती आत चिकटवायची, तुकडा बुशिंगच्या (माप दाखवणाऱ्या धातूच्या कड्यांच्या) मापापर्यंत उतरवायचा आणि दोन्ही टोकांना धातूचे भाग दाबून बसवायचे. बोटं टेकतात ते सेक्शन, टोपणाचे आटे, भिंतीची जाडी, पेनाचा तोल, हे सगळं आधीच कुणीतरी ठरवलेलं असतं. आपल्या वाट्याला उरतो बाहेरचा आकार. आणि बाहेरचा आकार हे या कामातलं सर्वांत सोपं काम आहे. ऐकायला उद्धट वाटेल, पण तसंच आहे.

किटशिवायच्या पेनात खरं काम भोकांचं आणि आट्यांचं. जोवो कंपनीचं ६ नंबरचं निब युनिट घ्या, म्हणजे निब, तिला शाई पुरवणारी फीड आणि दोन्ही धरणारं हाउसिंग. त्या हाउसिंगचे आटे ७.४ मिमी व्यासाचे, ०.५ मिमी पिचचे (पिच म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर). म्हणजे सेक्शनमध्ये ६.९ मिमीचं भोक, मग टॅप (आतले आटे पाडायचं हत्यार), आणि पुढच्या तोंडाशी हाउसिंगची कडा सपाट टेकेल असा खांदा. हा खांदा तिरका झाला तर निब घट्ट बसल्यासारखी वाटते, पण फटीतून शाई झिरपते आणि बोटं रंगतात. दोष निबला दिला जातो, असतो फेसिंगचा, म्हणजे तोंड सपाट कापण्याचा. सेक्शनची मागची शेपटी १० मिमी व्यासाच्या, १ मिमी पिचच्या आट्यांनी बॅरलमध्ये (पेनाच्या मागच्या नळीत) जाते, त्यासाठी बॅरलला ९ मिमीचं भोक. कन्व्हर्टरऐवजी (शाई ओढून घेणाऱ्या छोट्या नळीऐवजी) थेट बॅरलमध्ये शाई भरायची असेल तर हे आटे लांब ठेवायचे आणि सिलिकॉन ग्रीस लावायचं. हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि शाई ढकलते. एबोनाइट (कडक केलेलं रबर) उष्णतेचं वाहक म्हणून अगदीच मंद, त्यामुळे अशा पेनाला ते धातूपेक्षा कितीतरी बरं.

आता टोपण. "एका टोपणाला एवढा वेळ?" हे ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्यांच्यासाठी हा भाग सविस्तर.

दीड-दोन फेऱ्यांत निघणारं टोपण सगळ्यांना हवं असतं. ०.८ मिमी पिचचे साधे, एका सुरुवातीचे (एकच सर्पिल असलेले) आटे ४ मिमी लांबीवर पाडले तर टोपण काढायला ५ फेऱ्या लागतात. मग पिचच २.४ करू? आट्यांची खोली पिचच्या साधारण ०.६१ पट असते. २.४ पिचला ती जवळजवळ १.४७ मिमी होते. बॅरलचा बाहेरचा व्यास १३ मिमी धरला तर तळाशी उरतात १०.०६ मिमी. त्याच जागी आतून सेक्शनचे १० मिमीचे आटे आहेत. म्हणजे भिंत संपली. म्हणून तीन सुरुवातींचे, म्हणजे शेजारी शेजारी तीन सर्पिलांचे आटे घ्यायचे: पिच ०.८ च, खोली अर्धा मिमीहून किंचित कमी, पण एका फेरीत टोपण २.४ मिमी सरकतं. तळाशी १२ मिमी उरतात, दर बाजूला १ मिमी भिंत. हे गणित समजलं की लोक मान डोलावतात आणि पुन्हा विचारतात, "मग वेळ कशात जातो?"

वेळ जातो तो टोपण फुटू नये यात. टोपणाच्या १३ मिमीच्या टॅपला १२.२ मिमीचं भोक लागतं. १२ चं ड्रिल हाताशी असतं, म्हणून १२ वरच टॅप घालण्याचा मोह होतो. टॅप जातोही. तीन सुरुवाती एकदम कापत असल्याने जोर मात्र भलताच लागतो, तुकडा कोलेटमध्ये फिरतो आणि अ‍ॅक्रिलिकवर ताण कायमचा बसतो. ड्रिल करताना गरम झालं असेल तर ताण आणखी वाढतो. त्यावर आटे साफ करायला कुणी स्पिरिटचा बोळा फिरवला की संपलंच. त्या दिवशी टोपण झकास दिसतं, घोटलेलं, चकचकीत. काही दिवसांनी तोंडाशी केसासारख्या रेघा उमटतात, आणि ज्याने पेन वापरलं त्याला वाटतं आपल्याच हातून पडलं असेल. पडलेलं नसतं. अ‍ॅक्रिलिकमध्ये ताण असताना अल्कोहोल लागलं की ते असंच तडकतं.

म्हणून क्रम असा: आतलं सगळं काम बाहेरून रॉड जाड असतानाच. आधी सेंटर ड्रिल, मग ६, मग १०, मग ११.५, आणि शेवटचे काही दशांश भोक रुंदावणाऱ्या बोरिंग टूलने १२.२ पर्यंत. दर १० मिमीला ड्रिल बाहेर काढून कीस झटकायचा. कीस वितळून ड्रिलच्या खाचांत चिकटू लागला तर थांबायचं, वेग वाढवायचा नाही. तोंडाशी १ मिमी भाग आट्यांविना ठेवायचा आणि कडेची धार घालवायची, कारण पहिला धारदार आटा हीच तडा सुरू व्हायची जागा. टॅप टेलस्टॉकच्या (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या) आधाराने सरळ धरायचा, मोटर बंद, तुकडा फिरवणारा स्पिंडल हाताने. वंगणाला साबणाचं पाणी पुरतं, आणि साफ करायलाही तेच. शंका वाटत असेल तर बाहेरून उतरवण्याआधी टोपण ८० अंश सेल्सिअसला काही तास ठेवून सावकाश थंड होऊ द्यायचं. अ‍ॅक्रिलिकचा ताण त्याने उतरतो. हा उपाय सेल्युलॉइडवर कधीही करू नका, ते पेट घेतं.

टोपण आधी, बॅरलचे बाहेरचे आटे नंतर. टॅपचं माप बदलत नाही, बाहेरचे आटे पाडणाऱ्या डायचं बदलता येतं. बॅरलचा तुकडा १२.९ पर्यंत उतरवायचा, कारण डायखाली प्लास्टिक थोडं फुगतं. पहिल्या खेपेला डाय उघडी ठेवायची, टोपण लावून बघायचं, स्क्रूने किंचित आवळायची, पुन्हा फिरवायची. आट्यांच्या शेवटी दीड मिमीची खाच ठेवली नाही तर टोपण कडेपर्यंत बसत नाही आणि निब वाळते. टोपणाची आतली खोलीही निबच्या टोकापुढे २-३ मिमी, जास्त नको. आतली हवा जितकी कमी, तितकी शाई उशिरा वाळते.

तयार टॅप-डाय वापरणं ही पळवाट आहे, आटे एकेरी टूलनेच (एकाच टोकाच्या हत्यारानेच) कापावेत, असं मी पूर्वी ठासून म्हणत असे. त्या म्हणण्यात तथ्य आहे. टूलने कापताना पदार्थ चेपला जात नाही, ताण कमी बसतो, हवा तो व्यास घेता येतो. पण तीन सुरुवातींसाठी लेथ २.४ च्या चालीवर लावून, एक आटा झाला की टूल धरणारी टॉप स्लाइड बरोबर ०.८ मिमी पुढे घ्यावी लागते. त्यात थोडी ढिलाई राहिली की टोपण एका बाजूने लोण्यासारखं बसतं आणि उरलेल्या दोन बाजूंनी अडकतं. तेव्हाचा मी म्हणेल, हात बसला नाही म्हणून टॅपची वकिली चालली आहे. म्हणू दे. एबोनाइटवर मला अजूनही टूलच बरं वाटतं, अ‍ॅक्रिलिकवर टॅप, आणि यामागे पक्कं तत्त्व आहे असा दावा करत नाही.

राहिला टोमणा: "निब, फीड, कन्व्हर्टर विकतच घेता ना?" घेतो. क्लिपही बहुतेकदा विकतचीच. तेव्हा "सगळं हाताने" असं लेबल लावणाऱ्यांत मला धरू नका. पण त्या वस्तूंच्या भोवतीचा प्रत्येक दशांश मिलिमीटर इथे ठरतो, आणि चुकला तर इथेच चुकतो. किटमध्ये ती सोय नाही, ती जोखीमही नाही. कुणाला जोखीम नको असेल तर किट घ्यावं, मी अडवणार नाही.

आणि स्वतःचा रॉड घेऊन येणार असाल तर टोपणाला १८ मिमी व्यासाचा आणा, क्लिपचं डोकं वेगळं करायचं असेल तर लांबीला २० मिमी जास्त. १५ चा आणलात तर आटे बसतील, पण तोंडाशी कड ठेवायला काही उरणार नाही.