अथीनाच्या गालावरचा घाव
आज अख्खी दुपार प्राचीन अथेन्सच्या, पुढे अथीना देवी नि मागे घुबड असलेल्या चांदीच्या नाण्यांचे फोटो झूम करकरून बघत बसलो, मन काही भरेना. एकावर अथीनाच्या गालावरच छिन्नीचा खोल घाव, लोक त्याला डॅमेज म्हणतात, मला नाही पटत, अहो ती तपासणी आहे, आत तांबं तर नाही ना याची! अथेन्सच्या इ.स.पू. ३७५-३७४ च्या कायद्यात तर सरकारी पारखीच होता, आत तांबं नाहीतर शिसं निघालं की नाणं तिथल्या तिथे आडवं कापायचा. दुसऱ्या एकावर मागे घुबडच नाही, परत अथीनाच, आरशातल्यासारखी उलटी आणि आत दबलेली, कारण आधीचं नाणं वरच्या ठशात, म्हणजे चित्र उमटवायच्या साच्यात, अडकलेलं आणि कारागिराने तसाच हातोडा हाणला. त्याच्या कधी लक्षात आलं असेल, आणि तोवर अशी किती पडली असतील!