तुम्ही विचारलंत म्हणून: ॲप स्टोअरला कमिशन का देतो?

"कमिशन देण्यापेक्षा ॲप स्वतःच्या वेबसाइटवर का नाही ठेवत?" कुठल्याही लग्नात जेवणाच्या रांगेत हे कोणीतरी विचारतंच. माझं एमपीएससीच्या सराव परीक्षांचं छोटंसं ॲप आहे, महिना ९९ रुपये, त्यातले १५च्या आसपास गूगलचं प्ले स्टोअर कापून घेतं.

अहो, ठेवून पाहिलंय ना. एपीकेची, म्हणजे ॲपच्या थेट फाइलची, लिंक दिली, पोरांनी डाउनलोड केलं की फोन लगेच धोका म्हणून बोंबलतो, मग सेटिंगमध्ये जा, परवानगी द्या, तेवढ्यात निम्मी पळाली. आणि बिनधास्त टाका म्हणून सांगायचं तरी कुठल्या तोंडाने? आरटीओचं चलान म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके येते आणि खातं साफ होतं, आमच्या आईला मीच बजावलंय की स्टोअरबाहेरचं काही म्हणजे काही टाकायचं नाही.

म्हणजे ते १५ रुपये भरवशाचे, मान्य. बाबा वांगी मार्केट यार्डात पाठवायचे तेव्हा पट्टीतून, म्हणजे अडत्याच्या हिशोबातून, अडत, हमाली, तोलाई कापूनच पैसे यायचे, पण भाव नाही पटला तर पुढच्या वेळी गाडी दुसऱ्या बाजाराला नेता यायची. २०१६ला तर राज्याने फळं-भाजी नियमनमुक्तच केली, म्हणजे बाजार समितीबाहेरही विकायची मुभा. मी गाडी कुठे वळवू?

२००८ला ॲपलचं स्टोअर ५०० ॲप्सवर सुरू झालं, कट ३० टक्के, गूगलनेही तोच धरला. छोट्यांना १५ टक्के २०२१मध्ये आले. ॲपमधले पैसे आपल्याच बिलिंगमधून घ्यायची सक्ती गूगलने केली म्हणून २०२२मध्ये आपल्या स्पर्धा आयोगाने त्याला ९३६ कोटी दंड ठोकला (अपिलात २०२५ला तो २१६ कोटींवर आला, असो). मग दुसरं बिलिंग वापरायची मुभा मिळाली, पण कमिशनमध्ये सूट किती, तर ४ टक्के! त्यातले दोनेक पेमेंट गेटवेवाला घेणार, वर दोन ठिकाणचा हिशोब माझ्या डोक्याला. अडत्याला टाळलं तरी अडत चालूच.

मार्च २०२४मध्ये फीवरून शादी, नौकरी अशी ॲप्स प्लेवरून काढली, तेव्हा मंत्र्यांनी बैठक बोलावली आणि ॲप्स काही दिवसांत परत आली. माझं काढलं तर कोण बैठक घेणार, आमचे सरपंच?

त्याच वर्षी फोनपेचं इंडस ॲपस्टोअर आलं, मराठीतही आहे, तिथेही टाकलंय ॲप. फक्त ते स्टोअर फोनमध्ये आधीपासून नसेल तर उतरवायला परत एपीकेच लागते, आणि आईला तर मी सांगून ठेवलंय.