तुम्ही विचारलंत म्हणून: शिडाच्या जहाजांत एवढं आहे तरी काय?

जर्मनीतल्या ल्युबेक या बंदराच्या शहरात राहणाऱ्या मराठी माणसाला दोन प्रश्न ठरलेले. पहिला, थंडी किती असते. दुसरा जरा चेष्टेच्या सुरात: "कंटेनरच्या जमान्यात त्या शिडाच्या जहाजांचं तुम्हा लोकांना एवढं काय कौतुक?" थंडीचं सांगता येतं. दुसऱ्याला "या एकदा, बघा म्हणजे कळेल" असं म्हणून वेळ मारून नेली जाते. पण नुसतं बघून काही कळत नाही. पाहुणे येतात, होल्स्टेन वेशीपाशी फोटो काढतात, मार्झिपान ही बदामाची मिठाई घेतात, नदीच्या मुखाशी ट्रावेम्युंडेला जाऊन पासाट या जुन्या शिडाच्या जहाजाच्या चार डोलकाठ्यांकडे माना वर करून बघतात आणि "छान आहे हो" म्हणून परततात. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

कौतुक दिसण्याचं नाही, कामाचं आहे. चौकोनी शिडांचं जहाज वाऱ्याच्या तोंडावर जाऊच शकत नाही. वाऱ्याशी साठ-सत्तर अंशांचा कोन ठेवून तिरकं जायचं, मग नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, वाऱ्यातून फिरवून दुसऱ्या बाजूने तिरकं जायचं. हे फिरवणं म्हणजे खरी परीक्षा. आधी जहाजाला वेग हवा. वेग नसेल तर सुकाणू कितीही फिरवा, उपयोग नाही. सुकाणू वळवलं की पुढची तिकोनी शिडं सैल सोडायची, मागचं शीड वाऱ्याकडे ओढायचं. नाळ वाऱ्याकडे येते आणि चौकोनी शिडांत वारा समोरून भरतो. आता पुढच्या डोलकाठीची शिडं तशीच उलटी ठेवायची, कारण तीच नाळेला पलीकडे ढकलतात. मधल्या डोलकाठीच्या आडव्या काठ्या, ज्यांना खलाशी यार्ड म्हणतात, त्या मात्र ऐन त्याच वेळी फिरवायच्या. तेव्हा मधली शिडं पुढच्यांच्या आडोशाला असतात, म्हणून हलकी जातात. घाई केली तर जहाज जागीच थबकतं. उशीर केला तर तेवढ्यात वारा भरतो आणि वीस माणसं दोराला लोंबकळली तरी यार्ड हलत नाही. हुकलं की जहाज वाऱ्यात अडकतं, मागे सरकू लागतं, आणि सुकाणू उलटं काम करायला लागतं. सगळं गणित दोरावरच्या हातांनी आणि बरोबर क्षणी सोडवायचं. इंजिनवाल्या जहाजावर चूक पडद्यावर दिसते, इथे ती तळहाताला कळते.

वर चढतानाचे नियमही तसेच. वाऱ्याकडच्या बाजूने चढायचं, म्हणजे वारा तुम्हाला शिडीवर दाबून धरतो. हात उभ्या तारांना धरायचा, आडव्या पायऱ्यांना नाही, कारण तुटते ती पायरी. यार्डखालच्या दोरावर पाय ठेवण्याआधी ओरडून सांगायचं, नाहीतर तुमच्या वजनाने दोर ताणतो आणि आधीपासून उभा असलेला माणूस उसळतो. शिष्टाचार शिकवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

शहराचंही असंच. ट्रावे नदीच्या काठी जुन्या बोटी हौसेने राखणारे लोक हिवाळाभर खरवडणं, डांबर, वार्निश यांत असतात. बाहेरच्यांना वाटतं समुद्राचं पाणी लाकूड कुजवतं. खारं पाणी उलट लाकूड टिकवतं. कुजवतो तो फळ्यांच्या सांध्यात मुरणारा पाऊस. आणि ईशान्येचं वादळ आलं की बाल्टिकचं पाणी नदीत उलटं घुसतं आणि ओबरट्रावे रस्त्यावर गुडघाभर चढतं. बंदराच्या शहरात राहायचं तर तळघरात काय ठेवायचं हे आपोआप शिकता.

पण "हेच ना ते, ज्यावर पोरं बुडाली?" असं विचारणारेही भेटतात, आणि ते योग्य तेच विचारतात.

पोरं बुडाली ती पामीरवर. ते जहाज 1905 मध्ये हॅम्बुर्गच्या ब्लोम उंड फॉस गोदीत बांधलं. पासाट तिथलंच, 1911 चं. पेकिंग आणि पाडुआ ही त्याच जहाज कंपनीची भावंडं. पेकिंग 2020 मध्ये हॅम्बुर्गला परतलं, पाडुआ क्रुझेनश्टेर्न या नावाने रशियाचं शिक्षणजहाज झालं. या जहाजांचा मूळ धंदा चिलीहून सोरा, म्हणजे खतासाठीचा क्षार, आणण्याचा. सोरा जड, पोत्यांच्या थप्पीत रचलेला, जागचा हलत नाही. पुढे तो धंदा संपला आणि धान्य आलं. 1950 नंतर पामीर आणि पासाट होतकरू खलाशांना शिकवतही होती, आणि खर्च भाड्यातून सुटावा म्हणून मालही वाहत होती.

ऑगस्ट 1957 मध्ये पामीर ब्युनोस आयर्सहून हॅम्बुर्गला निघालं. पोटात 3,780 टन जव, थोडा पोत्यांत, बाकी सुटा. वजनासाठी जिथे पाणी भरता येतं त्या टाकीतही जवच. जहाजावर 86 जण, त्यांत निम्म्याहून जास्त शिकाऊ पोरं. नेहमीचे कप्तान आजारी, म्हणून बदली कप्तान.

सुटं धान्य काय करतं ते सांगायला हवं. प्रवासात हादऱ्यांनी ते बसतं आणि वर रिकामी जागा होते. जवाचा दाणा गुळगुळीत. जहाज एका मर्यादेपलीकडे कललं की ढीग पाण्यासारखा खालच्या बाजूला वाहतो, पण पाण्यासारखा परत येत नाही. वाऱ्याचा झोत ओसरला तरी जहाज सरळ होत नाही. पुढची लाट त्याला त्या कललेल्या जागेवरूनच पुढे ढकलते.

21 सप्टेंबरला अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांच्या नैर्ऋत्येला 'कॅरी' चक्रीवादळाने गाठलं. शिडं वेळेत कमी झाली नाहीत. जहाज कललं, जव त्याच्यामागे गेला, दारा-झरोक्यांतून पाणी शिरलं. खालच्या बाजूच्या जीवरक्षक बोटी पाण्यात, वरच्या बाजूच्या सोडता येईनात. जहाज उलटलं आणि बुडालं. शोध नऊ दिवस चालला. एका बोटीतून पाच जण वाचले, दुसऱ्या बोटीत फक्त एक जिवंत सापडला. ऐंशी गेले. पामीरची एक फुटकी बोट आज ल्युबेकच्या याकोबी चर्चमध्ये ठेवली आहे.

जानेवारी 1958 मध्ये इथेच चौकशी झाली. ठपका आला तो माल भरण्यावर, पाण्याऐवजी जव भरलेल्या टाकीवर, वाजवीपेक्षा जास्त ठेवलेल्या शिडांवर. मालकांच्या बाजूने जहाज गळल्याचा मुद्दा होता. तो वाद अजून उकरला जातो. पामीर बुडाल्यानंतर काही आठवड्यांतच पासाटवरही जव सरकला, कसंबसं लिस्बन गाठलं, आणि त्याची समुद्रसेवा थांबली. 1959 मध्ये ल्युबेक शहराने ते विकत घेतलं.

पूर्वी मी छाती ठोकून सांगायचे की दोष जवाचा, शिडांचा नव्हे. तांत्रिकदृष्ट्या ते आजही खोटं नाही. पण जव तिथे का होता? शिडाच्या जहाजाने स्वतःचं पोट स्वतः भरायचं, हा हट्ट होता म्हणून. आणि मला आवडतं ते हेच: कमावणारं, खरं काम करणारं जहाज, देखावा नाही. म्हणजे ज्याचं कौतुक करते त्यानेच पोरं मारली, असंच ना? यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पर्याय आहेत. 1958 मध्ये पाण्यात उतरलेलं जर्मन नौदलाचं गोर्च फॉक माल वाहत नाही, आणि पामीरनंतर त्याच्या सुरक्षेकडे कसून बघितलं गेलं. आपल्या नौदलाचं तरंगिणीही तसंच: गोवा शिपयार्डने बांधलेलं, 1997 मध्ये कोचीला रुजू झालेलं, तीन डोलकाठ्या, वीस शिडं, पोटात विकायचं काही नाही. खर्च सरकारचा, शिक्षण पोरांचं. पटतं. पण 2010 मध्ये गोर्च फॉकवर एक प्रशिक्षणार्थी दोरखंडांतून पडून मेली, आणि त्याच जहाजाच्या डागडुजीचा अंदाज एक कोटी युरोवरून तेरा कोटींच्या वर गेला. मे 2025 मध्ये मेक्सिकोच्या क्वाउतेमोकच्या डोलकाठ्या न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाला आपटल्या, दोघं मेली. मग "कशाला हवीत?" याचं उत्तर तुम्हीच द्या. माझं म्हणाल तर पोरांनी दोर ओढायला हवा, इतकंच म्हणेन, आणि माझ्याच घरच्या पोराच्या संमतिपत्रावर सही करायची वेळ आली तर चार वेळा वाचेन.

पासाट बघायला याल तेव्हा डोलकाठ्यांचे फोटो नंतर काढा. आधी खाली, माल भरायच्या कोठारात उतरा. आता तिथे कार्यक्रम होतात, जहाजावर लग्नंही लागतात. भिंतीला पाठ लावून उभे राहा आणि ही खोली सुट्या जवाने भरलेली असेल, असं समजून छतापर्यंतचं अंतर मोजा.